मोजपट्टी कोणाची?

गेल्या दिवाळीत आरमोरीला घरी गेलो, तर आमचा वाघ्या ओळखूच येईना. दोन्ही कुशींवरचे केस मापात कापल्यासारखे गेलेले, कातडी काळपट, पोट सुटलेलं. बाबा म्हणाले, "खाजवत नाही, काही नाही. नुसता पाणी पेते." त्यांच्या हातात माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट होता. थायरॉईडचा टी-फोर १.४, आणि शेजारी शेरा, 'कमी'. आता जन्मभर गोळ्या, असं कोणीतरी सांगूनही टाकलं होतं.

आकडा बघण्याआधी मोजपट्टी बघायची, ही आम्हा इंजिनिअर लोकांची खोड. ती बघायला बसलो आणि अख्खा वीकेंड इतिहासात गेला. :)

गंमत बघा, हॉर्मोनचं सगळं शास्त्र उभं राहिलं ते कुत्र्यांच्या जिवावर. १८८४ मध्ये शिफ नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, की थायरॉईड ग्रंथी काढली की कुत्रा मरतो, पण दुसऱ्या कुत्र्याची ग्रंथी आधी पोटात रुजवली तर तगतो. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यावरच प्रयोग करून सिद्ध केलं, की नसा तोडल्या तरी रक्तातून रासायनिक निरोप जातो. त्या निरोप्याला स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हॉर्मोन' म्हटलं. टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं, तेही कुत्र्यांवरच.

पण फायदा आधी कोणाला? अर्थात माणसाला. १८९१ मध्ये मरे या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं. ती पुढे १९१९ पर्यंत जगली. १९५० च्या दशकाच्या शेवटी यॅलो आणि बर्सन यांनी रक्तातलं कणभर हॉर्मोन मोजायची पद्धत काढली. त्यासाठी यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. (बर्सन तोवर वारले होते.)

कुत्र्याची पाळी आली ती बरीच उशिरा. टी-फोरचा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच, पण प्रमाण वेगळं. माणसात साधारण ५ ते १२, कुत्र्यात साधारण १ ते ४. म्हणजे वाघ्याचा १.४ कुत्र्याच्या पट्टीवर बसत होता! टीएसएचची तर आणखी गंमत. ते प्रथिन कुत्र्याचं वेगळं असतं, माणसाचं किट त्याला नीट ओळखत नाही. कुत्र्याची स्वतंत्र टीएसएच चाचणी १९९० च्या दशकात आली. शिवाय गोचीडताप किंवा दुसरं काही आजारपण असलं, की थायरॉईड ठणठणीत असूनही टी-फोर खाली येतो. आपल्या जंगलपट्ट्यात गोचिडांना काय तोटा?

वाघ्याला नागपूरला नेलं. तिथल्या पशुवैद्यांनी आधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरजेचे किडे नव्हते. मग एकच प्रश्न विचारला, "खाजेची इंजेक्शनं किती दिली?"

बाबा गप्प. मृग लागल्यापासून दर पंधरा-वीस दिवसांनी एक. पावसाळ्यात गोचिडांमुळे खाज सुटायची, सुई मारली की दोन दिवसांत बंद. ते स्टेरॉईड होतं. हार्वे कुशिंगने १९३२ मध्ये शरीरात कॉर्टिसोल जास्त झाल्याने होणारा जो आजार मांडला, तोच वाघ्याला सुईतून झाला होता. 'खाजवत नाही' याचं कारणही तेच! चाचणी साधी होती. एसीटीएच टोचायचं, आधी आणि तासाभराने रक्त घ्यायचं. कॉर्टिसोल वाढलंच नाही. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथींनी काम थांबवलं होतं.

स्टेरॉईड एकदम तोडायचं नसतं. गोळीचा डोस हळूहळू उतरवला, गोचिडांचं औषध सुरू केलं. होळीपर्यंत कुशींवर मऊ लव आली.

त्या रिपोर्टवर विसंबून थायरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या असत्या, तर खाजेची सुईही चालूच राहिली असती. बाबांना अजून त्याचं वाईट वाटतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्याची खाजच थांबवायला गेला होतात."

असो. तुमच्या कुत्र्याचा रिपोर्ट हातात आला, की आकड्याआधी एवढंच विचारा: ही मोजपट्टी कोणाची? आणि गेल्या सहा महिन्यांत कुठली कुठली सुई दिली, ते कागदावर लिहून न्या.