सत्तेच्या आधाराविना

ऐरोलीपासून बेलापूरमार्गे उरणपर्यंतच्या खाडीकाठाला आज आपण नवी मुंबई म्हणून ओळखतो. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास बहुधा राजवटींच्या भाषेत सांगितला जातो: पोर्तुगीज आले, त्यांनी किल्ले आणि चर्च बांधली, माणसे बाटवली, मग मराठे आले आणि तो अध्याय संपला. या कथनातली एकेक घटना खरी असली, तरी एक प्रश्न उरतोच. अध्याय संपला असेल, तर माणसे का टिकली? ज्या राज्याने धर्म आणला ते बुडाल्यावरही शेतकरी, मिठागरी, कोळी आणि ताडी काढणारी ही कुटुंबे आपल्या देवाला धरून का राहिली? या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यांच्या तटबंदीत मिळत नाही. ते घराघरांत, रोजच्या कामात आणि रोजच्या प्रार्थनेत शोधावे लागते. देवावर भरवसा ठेवून साधे, प्रामाणिक आयुष्य जगणे ही इथल्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातली खरी चालक शक्ती होती, आणि हा भरवसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो त्यामागे कोणतीही सत्ता उभी नसताना, असे माझे म्हणणे आहे.

पहिला पुरावा पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. 1321 साली चीनकडे निघालेले काही फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले. तोलेंतिनोचा थॉमस त्यांच्यात ज्येष्ठ होता. तेव्हा ठाण्यात नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि साधूंना आसरा मिळाला तो अशाच एका घरात. पुढे काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि चौघांना ठार मारण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डानस या डोमिनिकन साधूने ही हकिगत पत्रांतून कळवली, ओडोरिक या प्रवाशाने ती पुढे नेली आणि मारल्या गेलेल्यांची नावे युरोपात पोचली. त्या पंधरा घरांतल्या एकाही माणसाचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. मला ती घरेच अधिक महत्त्वाची वाटतात. परमुलखातल्या पाहुण्यांना ठेवून घेतल्यावर काय ओढवू शकते, हे बंदरात राहणाऱ्यांना कळत नसेल असे नाही. त्यांच्याजवळ ना राजा होता ना सैन्य. तरीही दार उघडले गेले. पोर्तुगिजांपूर्वी ख्रिस्ती धर्म या खाडीवर दिसतो तो असा, आदरातिथ्याच्या आणि जोखमीच्या रूपात.

यानंतरचा काळ मात्र सत्तेचा आहे आणि त्याबद्दल आडपडदा ठेवून चालणार नाही. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्या ताब्यातला प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट आले. आंतोनियु दु पोर्तु या फ्रान्सिस्कनाने बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ केले. देवळे पडली, जमिनी चर्चकडे गेल्या, धर्मांतर करणाऱ्यांना सवलती मिळाल्या आणि गोव्याच्या इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, दहशत उत्तर कोकणापर्यंत पोचली. इथे पहिला आक्षेप उभा राहतो: ज्यांचे पूर्वज दडपणाखाली किंवा लाभासाठी बाप्तिस्मा घेऊन आले, त्यांच्या वंशजांच्या श्रद्धेला श्रद्धा म्हणावे का? आक्षेप न्याय्य आहे आणि त्यातला अन्याय कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण तो फक्त आरंभाविषयी बोलतो. धर्म कसा आला याचे उत्तर तो देतो, धर्म का राहिला याचे देत नाही. दडपणाने आलेली गोष्ट दडपण उठताच गळून पडायला हवी होती. तशी कसोटी इतिहासाने या लोकांची खरोखरच घेतली.

1737 मध्ये ठाणे मराठ्यांनी घेतले. बेलापूरचा किल्लाही त्यांच्याकडे आला. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार आणि युरोपीय साधू निघून गेले. मागे राहिले ते ज्यांना जायला दुसरा मुलूख नव्हता असे लोक. तहाच्या अटींनुसार राहणाऱ्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा होती आणि मराठी राज्यकर्त्यांची ही उदारता नोंदवलीच पाहिजे. पण मुभा म्हणजे आधार नव्हे. सवलती संपल्या, आश्रयदाते गेले, कित्येक चर्च ओस पडली. ख्रिस्ती राहण्यात आता ऐहिक फायदा काहीच नव्हता. असे असताना अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचा अभ्यासक आंकतिल द्युपेराँ 1760 च्या अखेरीस ठाणे ज्या बेटावर आहे त्या साष्टीतून गेला, तेव्हा सणासाठी निघालेल्या ख्रिस्ती लोकांनी भरलेले रस्ते त्याला दिसले, स्थानिक पाद्री उपासना चालवताना दिसले आणि धर्माचरण मोकळेपणाने चालल्याची नोंद त्याने केली. वसई पडून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. एक अख्खी पिढी पोर्तुगीज छत्राविना वाढली होती. इंग्रजांनी ठाणे, साष्टी आणि कारंजा म्हणजे उरणचे बेट घेतले ते 1774 च्या डिसेंबरात. मधल्या पस्तीस वर्षांत ज्यांनी हा धर्म जपला त्यांनी तो आपल्या बळावर, किंवा त्यांच्याच समजुतीप्रमाणे बोलायचे तर देवाच्या बळावर जपला. ज्याचा उगम कदाचित सक्तीत होता, तो विश्वास या काळात त्यांचा स्वतःचा झाला.

हे कसे घडले असेल? एक मोठे कारण भाषा. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापले गेले, हे बहुतेक वाचकांना माहीत असते. उत्तर कोकणाच्या बोलीत फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश याने ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे पुराण रचले आणि ते 1659 मध्ये लिस्बनला छापले गेले, हे त्या मानाने कमी जणांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावे लागले. दोनशे वर्षांनी एखादे पुराण पुन्हा छापले जाते, कारण ते म्हणणारे आणि ऐकणारे लोक असतात. उपवासकाळात अशी पुराणे म्हणण्याची रीत असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ख्रिस्ताची कथा आपल्या बोलीत कानावर पडे. लॅटिन मिस्सा पाद्र्यावाचून होत नसे. पुराण आणि जपमाळ यांना पाद्री लागत नसे. धर्मगुरू वर्षातून कितीदा येतो यावर ज्याची श्रद्धा अवलंबून नव्हती, तोच समाज धर्मगुरू नसतानाही तगू शकला.

दुसरे कारण कामाशी निगडित आहे. ईस्ट इंडियन समाजात, म्हणजे उत्तर कोकणच्या या मूळ ख्रिस्ती रहिवाशांत, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास आगेरा साजरा होतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने आणतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतो आणि पिकाचा पहिला वाटा देवापुढे ठेवून मग तो घरोघर जातो. यावर कुणी म्हणेल की ही नवान्नाची जुनी रीत आहे, फक्त तिच्यावर क्रूस ठेवला. यात ख्रिस्ती विश्वास कुठे आला? रीत जुनी आहे हे खरेच. शेजारचे आगरी आणि कोळी बांधव ज्या जमिनीत आणि ज्या समुद्रात राबत, तिथेच हे लोकही राबत होते, तेव्हा सण वेगळ्या मातीतून यावेत कसे? पण त्या कृतीत काय म्हटले जाते ते पाहिले पाहिजे. भात पिकवणारा माणूस नांगरतो, लावणी करतो, बांध घालतो आणि तरीही पाऊस त्याच्या हातात नसतो. खारे पाणी बांध फोडून शेतात आले तर वर्षाची मेहनत जाते. पहिली लोंबी देवाला देताना तो एवढेच कबूल करतो की माझे कष्ट खरे आहेत, पण पीक केवळ माझ्या कष्टांचे नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आजच्या दिवसापुरतीच भाकर मागितली आहे. ज्याचे पोट हंगामावर आहे त्याला त्या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चालीरीत आणि श्रद्धा यांना परस्परविरोधी मानणारा माणूस हे विसरतो की सामान्यांची श्रद्धा ग्रंथात राहत नाही, ती करण्याच्या गोष्टींत राहते.

सर्वांत जड आक्षेप याच्याही पुढचा आहे. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, संकट आले की उपायाऐवजी प्रार्थना करणे, अन्याय झाला की सोसत राहणे, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या जुन्या गावठाणांत आणि वाड्यांत दिसणारे कित्येक क्रूस 1896 नंतरच्या प्लेगच्या काळात उभारले गेले. लोक त्यांच्यापुढे जमून रक्षणाची याचना करत. वरवर पाहता आक्षेपाला हा पुरावाच वाटेल. पण त्याच सालाकडे नीट पाहावे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत हा रोग प्लेगच आहे असे ओळखून सांगणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे गोव्यातले ख्रिस्ती होते. निदान कुणालाच नको असताना त्यांनी ते मांडले, रोग्यांमध्ये काम केले आणि पुढे हाफकिन यांच्या लसीचा प्रसार केला. क्रूस आणि लस यांत निवड करण्याची गरज त्यांना भासली नाही. त्याच वर्षाच्या दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा रोजचा खर्च देव भागवील या विश्वासावर त्यांनी संस्था चालवली, पण त्या विश्वासाबरोबर विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी वृत्तपत्रातून उघडपणे सरकारच्या तोंडावर सांगितली, आणि तेही राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे असताना. भरवशाने माणूस निष्क्रिय होतो असे यातून दिसत नाही. उलट, फळाची काळजी देवावर सोपवल्यामुळे ज्याचे भय कमी झाले, तो माणूस अधिक धीटपणे काम करतो, असेच दिसते.

नवी मुंबईने या विश्वासाची पुन्हा एकदा परीक्षा घेतली. मार्च 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावे नियोजित शहराच्या आराखड्यात आली. भातशेती आणि मिठागरे गेली. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना गोळीबारात प्राण द्यावे लागले. दुसरीकडे 1973 चा वाशीचा पूल आणि 1992 मध्ये पोचलेली लोकल यांच्या वाटेने देशभरातली माणसे इथे राहायला आली. त्यांत मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तमिळ आणि मराठी ख्रिस्ती होते, निरनिराळ्या पंथांचे आणि भाषांचे. नियोजनाच्या नकाशात सेक्टर, स्थानके, बाजार आखलेले होते. शेजारधर्म नकाशात आखता येत नाही. तो घडवावा लागला. 1980 च्या दशकात मुंबई महाधर्मप्रांतात छोट्या ख्रिस्ती समूहांची पद्धत रुजली: एका परिसरातली काही कुटुंबे कुणाच्या तरी घरी जमतात, शास्त्रपाठ वाचतात, आजारी आणि अडचणीतल्या शेजाऱ्याची विचारपूस करतात. पंधरा घरांचे ठाणे आणि पुराण म्हणणारी खेडी यांच्याशी या पद्धतीचे नाते उघड आहे. वाशीतल्या शिक्षणसंस्थांना ज्या फादर अॅग्नेल यांचे नाव आहे, ते अंजुणेचे आग्नेलो डिसोझा (1869–1927) कुणी सत्ताधीश नव्हते. ते रायतूरच्या गुरुकुलात तरुणांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते आणि साधेपणा व प्रार्थना यांसाठी ओळखले गेले. नव्या शहराने स्मरणासाठी निवडलेला माणूसही असा असावा, हे मला समर्पक वाटते.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की ही सगळी अल्पसंख्याकांची एकमेकांना धरून राहण्याची गरज आहे. तिला देवावरचा विश्वास म्हणणे म्हणजे समाजशास्त्राला धर्माचे कपडे घालणे होय. एकत्र येण्याची गरज मी नाकारत नाही. पण ती गरज भागवायला ज्ञातीची मंडळे आणि गृहनिर्माण संस्था पुरतात. नुसत्या एकजुटीने न भागणाऱ्याही गोष्टी असतात: कुणी पाहत नसताना माप खरे ठेवणे, परक्याला दार उघडणे, अन्याय करणाऱ्याला क्षमा करूनही अन्यायाला अन्याय म्हणणे, उद्याची खात्री नसताना आजचे काम नेटाने करणे. या गोष्टींसाठी माणसाला आपल्या गटापलीकडच्या कुणाला तरी उत्तरदायी असावे लागते. आज ख्रिस्ती असणे म्हणजे काय, असा प्रश्न नेरूळच्या किंवा उलव्याच्या इमारतीत राहणाऱ्या तरुणाला पडला, तर या काठाचा इतिहास त्याला मोठ्या चर्चची किंवा राजकीय आश्रयाची वाट पाहायला सांगत नाही. आश्रय आला तेव्हा श्रद्धेला डाग लागले आणि आश्रय गेला तेव्हा ती शुद्ध होऊन टिकली, हे त्याने लक्षात ठेवावे. आपले काम सचोटीने करावे, शेजाऱ्याचे ओझे वाटून घ्यावे, मिळालेल्याचा पहिला वाटा देवाचा मानावा आणि जे आपल्या हातात नाही ते त्याच्या हाती द्यावे. इथल्या नावही न उरलेल्या माणसांनी एवढेच केले, आणि त्यांच्यामुळेच हा धर्म आज या किनाऱ्यावर मराठीत प्रार्थना करतो.