कुत्रा बारीक आहे आणि खातही कमी: वजन वाढवण्यासाठी काय करावे?

कर्जत-खालापूर पट्ट्यात पाळीव कुत्रे दोन प्रकारच्या घरांत दिसतात. गावातल्या घरी कुत्रा अंगणात असतो आणि घरातले उरलेले अन्न खातो. फार्महाऊसवर त्याला राखणदार रोज भात घालतो आणि मालक शनिवार-रविवारी येऊन मटण-चिकन देतात. दोन्हीकडून एकच तक्रार येते: "डॉक्टर, खायला घालतो, पण अंगाला लागत नाही." किंवा "ताटलीला तोंडच लावत नाही."

वजन न वाढण्याची कारणे तीन असतात. एक, पोटात पुरेसे अन्न जात नाही. दोन, अन्न जाते, पण जंत किंवा पचनाच्या आजारामुळे अंगी लागत नाही. तीन, आजारामुळे भूकच मेली आहे किंवा शरीर झिजते आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात नुसते तूप-अंडी वाढवून उपयोग होत नाही. म्हणून आधी कारण शोधा, मग आहार ठरवा.

तो खरोखरच बारीक आहे का?

गावठी कुत्रा मुळातच सडपातळ असतो. लॅब्राडोरशी त्याची तुलना करू नका. त्याच्या बरगड्यांवरून हलका हात फिरवा. बरगड्या सहज हाताला लागतात, पण वर पातळसा थर जाणवतो आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसते, तर वजन ठीक आहे. बरगड्या, पाठीचे मणके आणि कमरेची हाडे लांबूनच दिसत असतील आणि मांड्यांचे मांस उतरले असेल, तर तो अशक्त आहे.

वजन करण्यासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचे वजन वजा करा. दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा. काही आठवड्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले असेल, म्हणजे 18 किलोचा कुत्रा 16 किलोवर आला असेल, तर तपासणी लांबवू नका.

आपल्या भागात नेहमी आढळणारी कारणे

- गोचीड ताप: पावसाळी दमट हवा, गवत, शेजारी गुरांचा गोठा, यामुळे इथे गोचीड भरपूर. तिच्या चाव्यातून एर्लिकिया, बाबेसिया यांसारखे जंतू रक्तात जातात. ताप, भूक मंदावणे, फिकट हिरड्या, सुस्ती आणि कधी नाकातून रक्त ही लक्षणे असतात. काही कुत्र्यांत आजार महिनोन्‌महिने दबलेला राहतो आणि फक्त वजन उतरत जाते. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी आढळणे हा महत्त्वाचा धागा आहे. औषधाचा कोर्स बहुधा काही आठवड्यांचा असतो. चार दिवसांत कुत्रा खायला लागला म्हणून तो अर्धवट सोडू नका.
- जंत: हूकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लांत यामुळे जीवही जाऊ शकतो. शी काळपट व चिकट होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध लागते, पिल्लांना त्याहून लवकर लवकर.
- लेप्टोस्पायरोसिस: उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेले पावसाचे किंवा भातखाचरातले पाणी पिण्यात आले की हा आजार होऊ शकतो. उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा माणसांनाही होतो.
- तोंडातले दुखणे: किडलेला दात, हिरड्यांचा जंतुसंसर्ग, टाळूत अडकलेले हाड. असा कुत्रा ताटलीपाशी येतो, वास घेतो आणि मागे फिरतो.
- वयानुसार आजार: म्हाताऱ्या कुत्र्यात मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, गाठी. पाणी फार पिणे आणि वजन उतरणे एकत्र दिसले तर रक्त व लघवी तपासा.

सावधान: रेबीजही असू शकतो

कुत्र्याने अचानक खाणे सोडले, लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे किंवा तो विनाकारण अंगावर येतो आहे, तर "घशात हाड अडकले असेल" असे समजून तोंडात हात घालू नका. त्याला एका जागी कोंडून ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. कुत्रा चावला, त्याचे नख लागले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.

किती खायला घालावे?

साधा हिशेब असा: कुत्र्याचे जे वजन असायला हवे त्याला 30 ने गुणा आणि 70 मिळवा. ही पडून राहिलेल्या शरीराची गरज झाली. रोजच्या हालचालीसाठी तिला सुमारे 1.6 ने गुणा. 14 किलोवर आलेल्या, पण 18 किलो असायला हव्या अशा कुत्र्यासाठी (18 × 30) + 70 = 610 आणि 610 × 1.6 म्हणजे दिवसाला साधारण 975 कॅलरी.

घरच्या अन्नात हे असे बसते:

- शिजवलेला भात 400 ग्रॅम: सुमारे 520 कॅलरी
- उकडलेले बिनहाडाचे चिकन 150 ग्रॅम: सुमारे 250
- उकडलेली अंडी 2: सुमारे 150
- तेल 1 चहाचा चमचा: सुमारे 45

म्हणजे एकूण 965. नुसता भात किंवा तांदळाची भाकरी आणि पातळ आमटी यांवर मांस चढत नाही, कारण प्रथिने कमी पडतात. मात्र वरचा आहारही कायमचा पूर्ण नाही. त्यात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वे कमी आहेत. म्हणून निम्मा भाग तयार डॉग फूडचा ठेवा किंवा पूरक औषध पशुवैद्याकडून ठरवून घ्या. कोरड्या डॉग फूडच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 कॅलरी असतात.

फार दिवस उपाशी राहिलेला कुत्रा

रस्त्यावरून उचललेला, हाडांचा सापळा झालेला कुत्रा दिसला की दयेपोटी भरपूर खायला घातले जाते. हे धोक्याचे आहे. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळाले की रक्तातले क्षार झपाट्याने बदलतात आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. पहिल्या दिवशी त्याच्या सध्याच्या वजनावरून काढलेल्या मूळ गरजेच्या (आताचे वजन × 30 + 70) चौथा ते तिसरा हिस्साच द्या, तोही चार-सहा वेळा विभागून. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा. शक्यतो हे पशुवैद्याच्या देखरेखीखाली करा.

भूक वाढवण्यासाठी

- दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्या. 20 मिनिटांनी ताटली उचला.
- अन्न कोमट करून द्या. वास सुटला की कुत्रा खातो.
- मीठ-कांदा न घातलेले चिकनचे पाणी भातावर ओता. सुकट द्यायची असेल तर भिजवून, दोन-तीनदा धुऊन, चिमूटभरच.
- एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर खायला घाला.
- फार्महाऊसवर सोमवार ते रविवार एकच आहार ठेवा. आठवडाभर भात आणि शनिवारी तेलकट मटण यामुळे जुलाब होतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते. प्रमाण कागदावर लिहून राखणदाराला द्या आणि वजनाची वहीही त्याच्याकडेच ठेवा; कुत्र्याने जेवण टाकले की आधी त्यालाच कळते.
- दोन-तीन कुत्रे असतील तर दुबळ्याला वेगळे खायला घाला.

हे देऊ नका

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडे. माणसांच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. गुरांच्या गोचिडांचे औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका. त्यातून विषबाधा होते.

दवाखान्यात कधी न्यावे?

मोठ्या कुत्र्याने 24 तास काहीच खाल्ले नाही, पिल्लाने 12 तास खाल्ले नाही, ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर आहे, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या आहेत, वारंवार उलट्या होत आहेत किंवा शीत रक्त आहे, तर थांबू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ताजी शी डबीत न्या आणि वजनाची वही सोबत ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. पुढच्या तपासण्यांची गरज पडली तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात जनावरांचे मोठे रुग्णालय आहे.

वजन किती वेगाने वाढावे?

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पुरेसे आहे. 14 किलोच्या कुत्र्यात हे 150 ते 300 ग्रॅम होतात, म्हणजे 18 किलोवर यायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. नीट खाऊनही तीन आठवड्यांत काटा हलला नाही, तर अन्न वाढवत बसू नका. तपासणी पुन्हा करून घ्या.