पाबळ की पापळ?

श्रोतेहो, शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हणजे मस्तानीच्या कबरीचं गाव. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसे. इंग्रजी दप्तरात ‘ळ’ही हरवला. मग अनेक तऱ्हांनी लिहिलेलं एकच नाव शोधायचं कसं? अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली उच्चारावरून नावे लावण्याचं पेटंट घेतलं. त्यातून निघालेली ‘साउंडेक्स’ रीत पुढे संगणकाने उचलली: इंग्रजी पहिलं अक्षर ठेवा, बाकीचे स्वर गाळा, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्या. ‘पूना’ आणि ‘पुणे’ झटकन जुळतात! पण तिथे प-ब एकाच गटात, बरं का. त्यामुळे आपलं पाबळ आणि पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव, अमरावतीकडचं पापळ, दोघांनाही पी-१४०. तेव्हा गुरुजी, यंत्राने जुना कागद काढून दिला, तरी त्यावरचा तालुका आधी वाचा.