चारच्या आकड्याची कुळकथा

पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधून पन्नाशीपुढच्या पुरुषाची ‘फुल बॉडी चेकअप’ची फाईल घरी येते. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड वगैरे झाल्यावर शेवटच्या पानांवर कुठेतरी एक ओळ असते: पीएसए, टोटल. पुढे एक आकडा आणि उजव्या रकान्यात बहुधा ‘० ते ४’. आकडा चारच्या आत असला तर फाईल कपाटात जाते. चारच्या वर दशांशभर जरी सरकला तरी घरादाराची झोप उडते, मुलगा इंटरनेट उघडून बसतो आणि ज्यांचं रक्त तपासलं ते काका मात्र काही बोलत नाहीत.

हा चार ठरवला कुणी? आणि जो पदार्थ त्याने मोजला जातो, तो पहिल्यांदा कुणाला आणि कशासाठी हवा होता? निरोगी माणसातला प्रोस्टेटचा कॅन्सर शोधण्यासाठी ही तपासणी जन्माला आली नव्हती. तिचा जन्म आणि तिचं वाढणं ठाऊक असलं, तर तिचं किती ऐकायचं ते ठरवता येतं. पुण्यातल्या पुरुषांना हे ठरवता यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण या शहराचा आणि या आजाराचा संबंध कागदोपत्री नोंदलेला आहे. त्याकडे पुढे येतोच.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेभोवती बसलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कॅन्सरची सूक्ष्मदर्शकाखाली तपासून खात्री केलेली पहिली नोंद १८५३ची, लंडन हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन अॅडम्स यांची. हा आजार फार दुर्मीळ आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या काळात ते तसंच दिसत असणार. म्हातारपणी लघवी अडली की ती वयाची खोड समजली जाई, आणि तेवढं वय गाठणारेही थोडेच होते. १९३५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या अर्नोल्ड रिच यांनी दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेट बारकाईने पाहिलं. शंभरातल्या सुमारे चौदा जणांत बारीकसा कॅन्सर सापडला. त्या माणसांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. ‘दुर्मीळ’ म्हटलेला आजार उलट अनेकांच्या शरीरात गुपचूप पडून असतो, आणि त्यातल्या थोड्यांनाच मारतो. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या १९३५च्या निरीक्षणात आहे.

रक्तातून प्रोस्टेटची खबर मिळू शकते हे १९३८ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात अॅसिड फॉस्फटेज हे विकर वाढलेलं असतं. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी याच विकराची चढउतार मोजत सिद्ध केलं, की पुरुषी संप्रेरक थांबवलं तर हा कॅन्सर आक्रसतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. पण अॅसिड फॉस्फटेजची खबर फार उशिरा यायची. ते वाढेपर्यंत आजार ग्रंथीच्या बाहेर पडलेला असे.

पीएसएचं घराणं मात्र वेगळ्याच गावचं. जपानमध्ये मित्सुवो हारा हे न्यायवैद्यकाचे अभ्यासक होते. बलात्काराच्या प्रकरणात कपड्यावरचा डाग वीर्याचा आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसले तर प्रश्नच नसतो. पण आरोपीची नसबंदी झालेली असेल तर? शुक्रजंतूंवाचूनही वीर्य ओळखू येईल असं, फक्त त्यातच सापडणारं प्रथिन हारा शोधत होते. ते त्यांना मिळालं, आणि १९७१ साली त्यांनी ‘गॅमा सेमिनोप्रोटीन’ या नावाने त्याचं वर्णन छापलं. निबंध जपानी भाषेत होता, त्यामुळे बाहेरच्यांनी फारसा वाचला नाही. दरम्यान १९७० साली अमेरिकेत रिचर्ड अॅब्लिन प्रोस्टेटच्या खास प्रतिजनांचा मागोवा घेत होते. १९७३ साली प्रजननशास्त्राच्या वाटेने ली आणि बेलिंग यांना वीर्यात असंच एक प्रथिन सापडलं. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज सेन्साबॉ यांनी पुन्हा गुन्हेतपासासाठीच त्याला ‘पी-३०’ म्हटलं. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं एकाच प्रथिनाचं बारसं करत होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात कॅन्सर नव्हता.

या प्रथिनाचं शरीरातलं काम साधं आहे. वीर्य बाहेर पडल्यावर घट्ट होतं. ते पातळ करून शुक्रजंतूंना वाट मोकळी करून देण्याचं काम हे विकर करतं. वीर्यात ते मिलिग्रॅममध्ये असतं आणि रक्तात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे सुमारे दहा लाखपट कमी. ग्रंथीच्या आतलं अस्तर शाबूत असेल तोवर ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. अस्तर विस्कटलं की पाझरतं. कॅन्सरने विस्कटतं, तसंच जंतुसंसर्गाने, लघवीची नळी घातल्याने, वयाबरोबर ग्रंथी नुसती फुगल्यानेही. तपासणीच्या आदल्या एक-दोन दिवसांतल्या शरीरसंबंधाने आकडा थोडा चढू शकतो. प्रोस्टेट आक्रसवण्यासाठी दिलेल्या फिनास्टेराइडसारख्या गोळीने तो निम्म्यावर येतो, आणि डॉक्टरला गोळीचं सांगितलं नसेल तर खोटा दिलासा मिळतो. लघवीत जळजळ असताना किंवा ताप असताना केलेल्या पीएसएवर म्हणूनच लगेच काही ठरवू नये. संसर्ग बरा होऊ द्यावा, काही आठवडे जाऊ द्यावेत आणि तपासणी पुन्हा करावी.

१९७९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, रॉसवेल पार्क या कॅन्सरसंस्थेत, मिंग वांग आणि टी. मिंग चू यांच्या गटाने हे प्रथिन प्रोस्टेटच्या ऊतीतून शुद्ध करून वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी ते रुग्णांच्या रक्तातही सापडलं. इथून पुढे त्याचं नाव ‘प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन’, म्हणजे पीएसए, आणि इथून ते कॅन्सरच्या दवाखान्यात आलं. १९८६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली ती ज्यांना कॅन्सर असल्याचं आधीच ठाऊक आहे त्यांच्या उपचारावर नजर ठेवण्यासाठी. त्या कामात पीएसए अजोड आहे. ग्रंथी काढून टाकल्यावर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा, आणि तो पुन्हा हळूहळू चढू लागला तर आजार परतल्याची चाहूल इतर कुठल्याही खुणेच्या कितीतरी आधी लागते.

चारची रेषा याच काळातली. तपासणीचा संच बनवणाऱ्या हायब्रिटेक कंपनीने निरोगी पुरुषांचं रक्त तपासून पाहिलं. बहुतेकांचा आकडा चारच्या आत आला, तीच सीमा धरली गेली. १९९१ साली सेंट लुईसच्या विल्यम कॅटलोना यांनी सोळाशेच्यावर पुरुषांचा अभ्यास छापला आणि चारच्या वर आकडा असलेल्यांत कॅन्सर शोधण्याची पद्धत मांडली. १९९४ साली, डॉक्टरांनी बोटाने करायच्या गुदतपासणीच्या जोडीने, निरोगी पुरुषांत कॅन्सर शोधण्यासाठीही पीएसएला परवानगी मिळाली. तेव्हापासून ती रेषा जगभरच्या रिपोर्टांत जाऊन बसली. पण शरीरात अशी रेषा कुठेच नाही. २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचा आकडा चार किंवा त्याहून कमी होता अशा पुरुषांचीही बायोप्सी झाली, आणि शंभरात पंधरांना कॅन्सर निघाला. बहुतेकांचा सौम्य होता, सगळ्यांचा नव्हता. साठीतल्या, फुगलेल्या ग्रंथीच्या माणसाला साडेचार कदाचित चालतील. पंचेचाळिशीतल्या माणसाला तीन हा आकडासुद्धा जास्तच.

आता पुण्याकडे येतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू केली, आणि त्याच व्यवस्थेची शाखा म्हणून १९७३ साली पुण्यात नोंदणी सुरू झाली. या कामाविषयी फारसं कुणी लिहीत नाही. नोंद करणारी माणसं इस्पितळांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, महापालिकेच्या मृत्यूनोंदीच्या दप्तरात स्वतः जातात, एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव-पत्ता-वय ताडून पाहतात आणि वर्षाचा आकडा बांधतात. एवढी वर्षं शांतपणे चाललेल्या या कष्टामुळेच आज आपल्याला आपलं शहर कळतं. २०१४ साली भारतातल्या प्रोस्टेट कॅन्सरचा जो आढावा छापला गेला, त्यात दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम आणि पुणे या शहरांत पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेटचा क्रमांक दुसरा होता. तंबाखूच्या कॅन्सरची धास्ती आपल्या घराघरात आहे. हा दुसरा क्रमांक मात्र पुण्यातल्या किती पुरुषांना माहीत असेल, याची मला शंका आहे.

हा क्रमांक वाचताना रिच यांची १९३५ची शवविच्छेदनं विसरता येत नाहीत. जिथे माणसं जास्त जगतात आणि जास्त तपासून घेतात, तिथे हा कॅन्सर जास्त सापडणारच. अमेरिकेत १९९०च्या दशकात नेमकं तेच झालं. हजारो पुरुषांचा कधीच न छळणारा कॅन्सर शोधला गेला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि कित्येकांना लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गमवावी लागली. अॅब्लिन यांनीच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये सरसकट तपासणीविरुद्ध लेख लिहिला. २०१२ साली अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञमंडळाने निरोगी पुरुषांत पीएसए करूच नये असं सांगितलं. २०१८ साली त्याच मंडळाने ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांसाठी ते बदललं: डॉक्टरशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं.

या वादात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. युरोपातल्या सुमारे १ लाख ८२ हजार पुरुषांच्या अभ्यासात नियमित पीएसए केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २००९ साली दिसलं. म्हणजे तपासणी जीव वाचवते. आणि ब्रिटनमधल्या दुसऱ्या अभ्यासात, ग्रंथीच्या आतच असलेला कॅन्सर सापडलेल्या सोळाशेच्यावर पुरुषांत शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती नजर, काहीही केलं तरी १५ वर्षांत या आजाराने दगावलेले शंभरात सुमारे तीनच निघाले. म्हणजे सापडला की कापलाच पाहिजे असं नाही. आता आकडा चढलेला दिसला तर आधी तो पुन्हा मोजतात, मग एमआरआय करतात, आणि त्यात संशयास्पद जागा दिसली तर तिथूनच सुईने तुकडा घेतात. सौम्य निघाला तर ठरावीक अंतराने तपासत राहतात. पूर्वीची थेट बायोप्सी, थेट शस्त्रक्रिया ही घाई ओसरली आहे. पुण्यात आज ज्याला पीएसएची भीती वाटते, तो बहुतेकदा त्या जुन्या काळाची गोष्ट ऐकून घाबरलेला असतो.

पीएसएच्या घराण्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातलीच. परळच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’मध्ये अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी मानवी वीर्यातल्या एका प्रथिनाच्या मागे होते. पुरुषांच्या संप्रेरकांना लगाम घालणारं, इनहिबिनसारखं काही त्यात आहे का, हा त्यांचा शोध. १९८४ साली कॅनडातल्या संशोधकांच्या सोबतीने त्या प्रथिनाच्या ९४ अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम छापला गेला. तेही प्रोस्टेटमध्येच बनतं. पुढे शेठ आणि सीमा गर्दे यांच्यासारख्यांनी प्रोस्टेट कॅन्सरमध्ये त्याचं काय होतं ते तपासलं. २००८ साली जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत या प्रथिनाच्या जनुकाजवळचा एक बदल प्रोस्टेट कॅन्सरच्या जोखमीशी जोडलेला निघाला, आणि स्वीडनच्या ‘स्टॉकहोम-३’ या रक्ततपासणीत आज पीएसएच्या जोडीला हे प्रथिनही मोजलं जातं. परळच्या त्या प्रयोगशाळेबद्दल आपल्याकडे अधिक लिहिलं जायला हवं होतं.

पाश्चात्त्य देशांची चूक अति-तपासणीची होती. आपल्याकडे दुखणं उलट दिशेचं आहे: भारतात बरेच रुग्ण डॉक्टरकडे पोचतात तेव्हा आजार हाडांत गेलेला असतो, आणि पहिली तक्रार कंबरदुखीची असते. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुधा लक्षणच नसतं. रात्री तीनदा उठावं लागतं ते बहुतेकदा साध्या वाढलेल्या ग्रंथीमुळे. पर्वतीवर सकाळी भेटणारे ज्येष्ठ साखर, रक्तदाब, गुडघे यांवर तासभर बोलतात. लघवीचा विषय निघाला की ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून तो संपतो. बायकोलाही सांगितलेलं नसतं. गुदतपासणीच्या संकोचाने कित्येक जण डॉक्टरचं दारच टाळतात. ती तपासणी अर्ध्या मिनिटाची असते.

पन्नाशी आली की डॉक्टरला विचारून, आपलं वय आणि तब्येत सांगून, पीएसए करायचं की नाही ते ठरवावं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीपासून. सत्तरीपुढे, विशेषतः इतर मोठे आजार असताना, बहुधा त्याची गरज नसते. घरातल्या बायकांच्या आजारांचीही चौकशी करावी, हे पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. आई, बहीण, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए-२ जनुकातला बदल त्या घरात असू शकतो. तोच बदल पुरुषात उतरला तर प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर आणि जास्त आक्रमक रूपात येऊ शकतो. अशा पुरुषांची पीएसए तपासणी चाळिशीपासूनच सुरू करावी, असं युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. डॉक्टरकडे जाताना ही माहिती बरोबर न्यावी, आणि ती बहुधा घरातल्या आजीलाच विचारावी लागते.