मिरवणूक आणि मार्ग

मिरवणूक पाहताना आपली दृष्टी पालखीवर, रथावर, फार तर पुढच्या ढोल-लेझमीवर खिळून राहते. ज्या रस्त्यावरून ती चालली आहे त्याकडे बहुधा कोणी पाहत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नव्हते. नव्या मुंबईत राहावयास आल्यावर मात्र हा विषय आपोआप मनात घोळू लागला. याचे कारण असे की, या शहरात रस्ते आधी झाले आणि माणसे मागाहून आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नकाशा आखला गेला, आणि कोणत्याही दिंडीच्या पायांची सवय होण्यापूर्वीच वाशी-नेरूळचे हमरस्ते तयार झाले. जुन्या गावठाणांत गावदेवीची पालखी निघते तेव्हा तिला आपली वाट ठाऊक असते. आमच्या सेक्टरांतील मंडळांना ती पोलिसांना विचारावी लागते. पुण्यात कोणता गणपती कोणाच्या मागून यावयाचा हे लहान मुलासही सांगता येते. येथे तसा परंपरेचा मान अद्यापि फारसा कोणाकडे नाही. तेव्हा प्रश्न पडतो तो हा की, हा मान येतो कोठून? अमुक रस्त्यावरून वाजत-गाजत जाण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवितो कोण?

जगातील जुन्या मिरवणुकांत हे ठरविण्याचे काम राजसत्तेने केले. रोमन सेनापती विजय मिळवून परतला म्हणजे नगराच्या सीमेबाहेर थांबे. सेनेटची संमती मिळाल्यावरच सैन्यासह आत येण्याची त्यास मुभा असे. मग लुटीची गाडी, साखळदंडांतील कैदी आणि त्यांमागे रथातील विजेता असा क्रम लागे. परंतु ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनीही हा मार्ग शोधून काढला. न्यूयॉर्क शहरात १७६२ साली आयर्लंडच्या लोकांनी संत पॅट्रिकच्या दिवशी मिरवणूक काढली, तीत ब्रिटिश सैन्यात नोकरीस असलेले आयरिश शिपाईही होते. परदेशात, परक्याच्या चाकरीत असताना, एका दिवसापुरता रस्ता आपला! फ्रान्समध्ये १४ जुलै हा राष्ट्रीय सण १८८० साली ठरला आणि त्याच वर्षी पॅरिसला सैन्याचे मोठे संचलन झाले; त्या संचलनामागे १८७०-७१ च्या पराभवाचे शल्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील बँडचा आवाज निराळा ऐकू येतो.

या संदर्भात २२ जून १८९७ हा दिवस आम्हांस विलक्षण वाटतो. त्या दिवशी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाची मिरवणूक निघाली. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या पलटणी, त्यांत हिंदी घोडेस्वारही, राणीच्या गाडीपुढे चालत होत्या. सेंट पॉलच्या मंदिराच्या पायऱ्या चढणे वृद्ध राणीस शक्य नव्हते, म्हणून आभाराची प्रार्थना पायऱ्यांपाशी उघड्यावरच झाली. त्याच दिवशी पुण्यास गणेशखिंडीच्या सरकारवाड्यात रोषणाई व मेजवानी होती. तेथून परतताना रँड आणि आयर्स्ट या दोघांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैस. पुण्याच्या लोकांनी त्या वर्षी दुसरी एक मिरवणूक पाहिली होती. प्लेगच्या तपासणीसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या गल्लीबोळांतून फिरत, घरांत शिरत, माजघरापर्यंत जात. हत्येचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. परंतु लंडनच्या रस्त्यावरील वैभव आणि कसबा पेठेच्या बोळातील बुटांचा आवाज ही एकाच सत्तेची दोन पावले होती, हे इतिहास लिहिणाऱ्याने विसरता कामा नये.

पुण्याचा रस्ता त्यापूर्वीही वादाचाच होता. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यास आले, त्यांची व्याख्याने झाली, व निरोपाची मिरवणूक काढण्याचे रानडे प्रभृतींनी ठरविले. विरोधकांनी काय केले? त्यांनी गाढव सजवून त्याचीही मिरवणूक काढली. जोतीराव फुले आपल्या मंडळींसह स्वामींच्या मिरवणुकीत रक्षणासाठी सामील झाले. तरी चिखलफेक व्हावयाची ती झालीच, आणि न्यायाधीशाच्या पदावर असलेल्या रानड्यांचे कपडेही त्यातून सुटले नाहीत. रानडे आणि फुले यांचे मतभेद सर्वांस माहीत आहेत. पण दोघे एकाच रस्त्याने एका बाजूस चालत आहेत, हे दृश्य आमच्या मनातून जात नाही.

पुढे १८९२-९३ च्या सुमारास पुण्यात गणपती घराबाहेर आला आणि १८९४ पासून टिळकांच्या पुरस्काराने त्यास मोठे रूप आले. याची कथा आपल्याकडे बहुधा अर्धीच सांगितली जाते. त्यापूर्वी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मंडळी हौसेने भाग घेत, नाचत, वाजवीत. मुंबईत ऑगस्ट १८९३ चा दंगा झाला, मने दुभंगली, आणि ताबुतांतील हिंदूंचा पाय मागे घेतला गेला. नव्या उत्सवाने त्यांस नवी वाट दिली. त्याच १८९४ साली मशिदीवरून वाजत जाणाऱ्या मेळ्यावरून पुण्यात मारामारीही झाली. उत्सवाने लोकजागृती केली हे निर्विवाद. पण एक वाट उघडताना दुसरी जुनी वाट बुजली, हेही खरे. तरीही सगळेच पुसले गेले नाही. १८८७ साली ज्या गुरुजी तालमीच्या गणपतीची स्थापना भिकू शिंदे व उस्ताद नालबन यांनी मिळून केली, असे सांगतात, तो आजही मानाचा तिसरा आहे. पहिला कोण, यावरून प्रारंभी तंटा पडलाच. ग्रामदैवत म्हणून कसब्यास पहिला व ग्रामदेवता म्हणून तांबड्या जोगेश्वरीस दुसरा मान, असा निवाडा टिळकांनी दिला. केसरीवाड्याचा स्वतःचा गणपती मात्र पाचवा राहिला.

मानाचा क्रम लावणे निराळे आणि रस्त्यावर पाऊल टाकण्याचाच अधिकार मागणे निराळे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेचा मंडप सोडून डॉक्टर आंबेडकर व हजारो प्रतिनिधी शिस्तीने गावातून चवदार तळ्याकडे निघाले. तळे नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने सर्वांस खुले केले होते. ठराव कागदावर होता, वाट मात्र बंदच होती. तीत ढोल नव्हते, पालखी नव्हती. ओंजळभर पाणी पिऊन लोक परतले, आणि आता हे देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांस मारहाण करण्यात आली. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकालात निघावयास १९३७ साल उजाडले. महाराष्ट्रातील मिरवणुकांत ही सर्वांत लहान अंतराची असेल. आमच्या मते तिच्याइतकी लांब दुसरी नाही.

शिस्तीवरून आठवण झाली ती आळंदीच्या पालखीची. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या सोहळ्यास आजचे रूप दिले. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, हे ठरून गेले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की हजारो टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदारास तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते. आम्ही राज्यशास्त्राची पुष्कळ पुस्तके वाचली, पण तक्रार ऐकून घेण्याची इतकी साधी व्यवस्था कोठे आढळली नाही.

उलट आमच्या भागातील एका विसर्जनाच्या रात्री आम्ही खिडकीच्या काचा हाताने धरून बसलो होतो. गाणे कोणते होते हे कळले नाही. छातीत मात्र कंप होता. ध्वनीचे नियम २००० सालीच झाले आहेत, २०१८ साली उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजे वाजविण्यास परवानगी नाकारली, पण त्या भिंती हलल्या म्हणून दिसले नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते. २०२० व २०२१ या दोन वर्षांत रोगाच्या भयाने ती निघालीच नाही. त्या दोन वर्षांत रस्ते रिकामे पाहून, काचा धरून बसणाऱ्या आम्हांसही करमले नाही, हे कबूल केले पाहिजे.

मार्च २०१८ मध्ये नाशकाहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, वनजमिनीचे हक्क मागत पायी मुंबईस निघाले. अंतर सुमारे १८० किलोमीटर. कित्येकांच्या पायांत वहाणा नव्हत्या, असलेल्या झिजल्या होत्या. ११ तारखेस ते शीव येथील सोमय्या मैदानात उतरले. सकाळी आझाद मैदानाकडे कूच करावयाचे, तर वाटेतील वाहतूक खोळंबणार, आणि त्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुक्काम मोडून ते लोक रात्रीच उठले आणि अंधारात चालू लागले. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन उभे होते. पहाट होण्यापूर्वी सर्वजण आझाद मैदानात पोहोचले, आणि सकाळी मुले ठरल्या वेळी परीक्षेस बसली.