मोटारीचे स्पार्क प्लग घरी बदलताना

पेट्रोल अथवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पेटविण्याचे काम स्पार्क प्लग करतो. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या पाडाव्या लागतात. हजारो व्होल्टच्या या माऱ्याने प्लगच्या टोकाचा धातू कणाकणाने झिजतो, दोन टोकांमधील अंतर वाढत जाते आणि ठिणगी पडणे अवघड होते. डिझेल मोटारीत स्पार्क प्लग नसतो. तेथील ग्लो प्लग हा निराळा भाग असून त्याला पुढील माहिती लागू नाही.

प्लग बदलणे हे घरी करता येण्याजोग्या कामांपैकी एक आहे. बहुतेक लहान मोटारींत तासाभरात ते आटोपते. मात्र यात एक धोका असा आहे की, काही शे रुपयांच्या बचतीपायी इंजिनाचे हेड उतरविण्याची वेळ येऊ शकते. प्लग ज्या सिलिंडर हेडमध्ये बसतो ते आज ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगचे आटे पोलादाचे. चूक झाली तर झिजतात ते हेडचे आटे. अँबॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे होते, ते पुष्कळ सोसून घेत असे. प्लग ‘जोर लावून’ आवळण्याची सवय अशाच इंजिनांवर पडली असावी. ती ॲल्युमिनियमच्या हेडला मानवणारी नाही.

केव्हा बदलावेत

साध्या निकेलच्या टोकाचे प्लग साधारणपणे २० ते ३० हजार किलोमीटर टिकतात. प्लॅटिनम व इरिडियमचे प्लग ६० हजार ते एक लाख किलोमीटरपर्यंत चालतात, कारण हे धातू फार उंच तापमानाला वितळतात. नेमका आकडा मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. सीएनजीवर धावणाऱ्या मोटारींचे प्लग लवकर बदलावे लागतात. या वायूच्या मिश्रणातून ठिणगी पाडण्यास अधिक दाब, म्हणजे अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर कुरकूर न करणारा झिजका प्लग सीएनजीवर मिसिंग करू लागतो.

सकाळी गाडी चालू होण्यास वेळ लागणे, उभ्या गाडीचे इंजिन थरथरणे, चढावर पिकअप कमी पडणे व इंधनाचा खप वाढणे ही नेहमीची लक्षणे होत. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागल्यास मात्र दिरंगाई करू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व त्याचा आतील भाग वितळवू शकते. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून हा भाग सक्तीचा झाला. प्लगांच्या किमतीशी तुलना केली तर तो फारच महाग पडतो.

प्लगची निवड

प्लगवरील क्रमांक पाहूनच नवा प्लग घ्यावा. प्लगचा व्यास, आट्यांची लांबी आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी त्या क्रमांकात असतात. येथे एक फसगत ठरलेली: एनजीकेच्या प्लगवर अंक जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, तर बॉशच्या प्लगवर मोठा अंक म्हणजे ‘गरम’ प्लग. त्यामुळे कंपनी बदलताना अंकाशी अंक जुळवू नये. दुकानातील तुलनेचा तक्ता पाहावा. बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ प्लग देशभर परिचित होते. ही कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. तरी जुने मेकॅनिक आजही कोणत्याही प्लगला मायकोच म्हणताना आढळतात. खरेदी बिलासह व सीलबंद डबीतूनच करावी.

खाली पडलेला प्लग वापरू नये. चिनी मातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.

जुना प्लग काढताना

इंजिन पूर्ण गार झालेले असावे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करणे उत्तम. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे ओरबाडले जाण्याची भीती असते. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. आतून रबर असलेला योग्य मापाचा प्लग सॉकेट (बहुधा १६ मिलिमीटरचा), एक्स्टेन्शन, रॅचेट व फिलर गेज एवढी हत्यारे पुरतात. टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच.

मारुती ८०० सारख्या जुन्या मोटारीत प्लगावर जाड तारा बसविलेल्या असतात. तार न ओढता तिच्या टोकाचे रबर धरून, किंचित पिळून काढावे. तारा एका वेळी एकच काढावी; सर्व एकदम काढून अदलाबदल झाली तर गाडी चालू होणार नाही, अथवा फटाके वाजवील. अलीकडच्या मोटारींत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते. तिच्या जोडणीची खिट्टी दाबून ती सोडवावी व बोल्ट काढून कॉइल सरळ वर उचलावी.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात. प्लगभोवतीच्या खोलगट जागेत धूळ व वाळू साचलेली असते. प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. म्हणून प्लग सैल करण्यापूर्वी तेथे हवा मारावी. सायकलचा पंपही चालतो. डोळ्यांवर चष्मा असावा.

प्लग अडला तर बळ लावू नये. थोडा उलट फिरवून, गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाकून थांबावे आणि पुढे-मागे करीत काढावा. तरीही न हलल्यास तेथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे.

जुने प्लग काय सांगतात

काढलेले प्लग वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. टोक फिकट तपकिरी वा करडे असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. हवेचा फिल्टर तुंबलेला असू शकतो, किंवा गाडी नेहमी फार थोडे अंतर चालविली जाते. ओला, तेलकट थर म्हणजे रिंगा अथवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत येत आहे. तेथे नवा प्लग घालून दुखणे काही महिने झाकले जाईल, एवढेच. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा, हे निदान मेकॅनिकला सांगितल्यास त्याचेही काम हलके होते.

नवा प्लग बसविताना

निकेलच्या प्लगचे अंतर फिलर गेजने तपासावे. ते मोटारीनुसार सुमारे ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. नेमके माप पुस्तिकेतून घ्यावे. इरिडियमचे टोक अतिशय बारीक असते व नाजूक असते, त्याला गेज वा पॉलिश पेपर लावू नये.

प्लग प्रथम हातानेच फिरवावा. जागा खोल असल्यास प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून तो आत सोडावा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि चूक लगेच कळते. रॅचेट ती कळू देत नाही. प्लग शेवटपर्यंत हाताने गेला पाहिजे. त्यानंतर वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-सोळांश फेराच पुरतो. टॉर्क पान्यावर ॲल्युमिनियम हेडमधील १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी साधारण २५ न्यूटन-मीटर, म्हणजे अडीच किलो-मीटर. याहून बारीक प्लगांना कमी. कोटिंग असलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे तो नकळत जास्त आवळला जातो.

हॉंडा सिटीच्या २००३ च्या मॉडेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग होते. संच घेण्यापूर्वी आपल्या गाडीचे प्लग मोजून घ्यावेत. वॉरंटीतील मोटारीसाठी व ज्या इंजिनात प्लगवर इनटेकची मोठी नळी आडवी येते त्यासाठी अधिकृत सेवाकेंद्र गाठणे सोयीचे.

तारा अथवा कॉइल ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवाव्यात, बॅटरी जोडावी व गाडी चालू करून दोन मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकावा. थरथर असल्यास बहुधा एखादी तार नीट बसलेली नसते. तारीख व किलोमीटरचा आकडा प्लगच्या रिकाम्या डबीवर लिहून ती गाडीतच ठेवावी.