कर्करोगाची क्लिनिकल ट्रायल : सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

बांबोळीच्या गोमेकॉत उपचार घेणारा रुग्ण असो वा पुढील उपचारांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेलेला असो, डॉक्टर कधी त्याच्यासमोर क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजेच रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीचा प्रस्ताव ठेवतात. अशा वेळी घरात दोन टोकांची मते उमटतात. कोणी म्हणते, ‘आपल्यावर प्रयोग करतील’. कोणाला वाटते, ‘नवे औषध म्हणजे हमखास गुण’. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. चाचणीचा मुख्य हेतू एका वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा असतो. सहभागी रुग्णाला लाभ होऊ शकतो, पण त्याची हमी नसते. म्हणूनच सही करण्यापूर्वी काही प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळवणे आवश्यक ठरते.

चाचणी कोणत्या टप्प्याची?

पहिल्या टप्प्यात औषध कितपत सुरक्षित आहे आणि त्याची मात्रा किती असावी, हे प्रामुख्याने पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात ते विशिष्ट कर्करोगावर परिणाम करते का, याचा शोध घेतला जातो. तिसऱ्या टप्प्यात प्रचलित उपचाराशी त्याची तुलना होते. पहिल्या टप्प्यातील रुग्णाने बाळगायची अपेक्षा आणि तिसऱ्या टप्प्यातील अपेक्षा सारखी असू शकत नाही. चाचणीबाहेर कोणते उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांतून काय साधेल, हेही त्याच बैठकीत विचारावे.

आपण कोणत्या गटात?

तुलनात्मक चाचणीत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली जाते. गट निवडण्याचा अधिकार रुग्णाला नसतो आणि डॉक्टरांनाही नसतो. हे अनेकांना अन्यायाचे वाटते. परंतु कोणता उपचार सरस आहे हे खरोखरच ठाऊक नसते, तेव्हाच अशी विभागणी न्याय्य ठरते.

टाटा मेमोरियलमधील दोन चाचण्यांवरून हे स्पष्ट होते. तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगात मानेतील गाठी आधीच काढाव्यात की रोग तेथे पोहोचल्यावर काढाव्यात, याबाबत मतभेद होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आधीच शस्त्रक्रिया केलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. निदानाच्या वेळीच शरीरात अन्यत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का, हे ३५० महिलांच्या सहभागाने तपासले गेले. त्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. एका ठिकाणी अधिक उपचार तारक ठरला, तर दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी. चाचणीआधी हे कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते.

खर्च कोणाचा?

चाचणीतील औषध मोफत मिळते म्हणून सर्वच मोफत असते, असे गृहीत धरू नये. नेहमीच्या तपासण्या, स्कॅन, रुग्णालयातील वास्तव्य आणि इतर औषधे यांचा खर्च कोण उचलणार, हे बाबवार विचारावे. गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने आणखी हिशेब करायला हवा. किती फेऱ्या, किती दिवस मुक्काम, सोबत्याची बुडणारी मजुरी, प्रवासखर्चाची भरपाई मिळेल का, काही तपासण्या गोव्यातच करता येतील का? तसेच चाचणी संपल्यावर गुणकारी ठरलेले औषध पुढे मिळेल का, हेही आधीच समजून घ्यावे.

इजा झाल्यास काय?

नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू आहेत. त्यांनुसार चाचणीदरम्यान रुग्णाला इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास रुग्णाला वा वारसांना आर्थिक भरपाईही मिळते. मात्र मूळ रोग बळावणे ही आपोआप भरपाईयोग्य इजा ठरत नाही. त्रास सुरू झाल्यास रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा आणि गावी असताना कोणत्या रुग्णालयात जायचे, हे लिहून घ्यावे. स्थानिक डॉक्टरांनाही चाचणीची माहिती द्यावी.

संमती म्हणजे काय?

माहितीपत्रक व संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणे हा त्याचा हक्क आहे. ते घरी नेऊन वाचण्यास आणि कुटुंबीयांशी वा दुसऱ्या डॉक्टरांशी चर्चा करण्यास वेळ मागावा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी निःपक्षपाती साक्षीदाराच्या उपस्थितीत मजकूर समजावून सांगावा लागतो. सही केल्यावरही रुग्णाला कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. तथापि औषध परस्पर बंद करू नये. ते कसे थांबवायचे हे डॉक्टरांकडून जाणून घ्यावे.

खातरजमा कशी करावी?

भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत औषध चाचण्यांची नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक घेतल्यास चाचणीचा उद्देश, केंद्रे आणि पात्रतेचे निकष संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. चाचणीला रुग्णालयाशी संबंधित नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हेही विचारावे. समितीचा संपर्क संमतीपत्रात दिलेला असतो. तक्रार असल्यास रुग्ण थेट तेथे दाद मागू शकतो.

पुढील भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत एका नातेवाइकाला उत्तरे टिपण्यास सांगावे. प्रश्न विचारल्याने डॉक्टर नाराज होतील, ही भीती अनाठायी आहे. होकार असो वा नकार, तो समजून दिलेला असावा, यासाठीच संमतीपत्राची तरतूद आहे.